तळाचं लाकूड

१

धुळवडीच्या सकाळी आडदऱ्यात बोंब उठली, ती शिमग्याची नव्हती. धरणाच्या पाण्याला भिडलेल्या जुन्या दगडखाणीच्या काठावर ठेवलेला ऐनाचा ओंडका नाहीसा झाला होता.

ओंडका असा की दहा गडी अंगाला लागले तरी जागचा हलू नये. सरळसोट, गाठ नाही, पोकळी नाही. विठाबाईच्या बांधावरचं झाड, रीतसर परवानगी काढून तोडलेलं. बुंध्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का होता. त्याचाच होडीच्या तळाचा कणा व्हायचा होता. फळ्यांना साग लोणावळ्याच्या वखारीतून यायचा होता, बसायची बाकं बाभळीची, पण तळाला एकसंध लाकूड लागतं. ते मिळावं म्हणून कैलासने अख्खा मावळ पालथा घातला होता आणि शेवटी ते गावातच सापडलं होतं.

आडदरे पवना धरणाच्या पाण्याच्या आडबाजूला आहे. समोर पवनानगर दिसतं. बाजार, दवाखाना, एसटीचा थांबा, सगळं नजरेच्या टप्प्यात. जायचं म्हटलं तर मात्र डोंगराच्या कडेकडेने लांबलचक वळसा. गेल्या आषाढात कैलासची बायको चैताली बाळंतपणात अडली. जीप निघाली, ती पडलेल्या दरडीपाशी थांबली. मागे फिरून काठावर आली, पण पाण्यावर न्यायला काही नव्हतं. पलीकडे दवाखान्याचे दिवे दिसत होते. ते बघत बघत ती गेली, पोटातल्या जिवासकट. तेव्हापासून कैलासच्या तोंडी एकच शब्द होता, होडी.

सविता त्या गावची पोलीस पाटील. चैताली तिची धाकटी बहीण. दोघी एकाच गावात दिलेल्या. गावाने चोरी सांगायला तिला बोलावलं, तेव्हा सगळ्यांआधी ती त्या रिकाम्या कातळाकडे बघत राहिली.

"पान्यात तर न्हाई गेला?" तिने विचारलं.

"लाकूड हाय ते, सविते," हौशीराम आबा म्हणाले. आबा म्हणजे कैलासचे वडील, गावाचे जुने कारभारी. आडदऱ्याला पूल व्हावा म्हणून त्यांनी उभा जन्म कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. "पान्यात गेलं असतं तर वर आलं असतं. समदं तळं नजरंसमोर हाय, बघ की. आता हितं चाक कुनाचं लागलंय, तेवढं बघा म्हंजे झालं."

चाकं एकाच ट्रॅक्टरची होती. शिरगावच्या सोपानची. त्यानेच ओंडका इथवर आणून टाकला होता. सोपान लाकडं वाहायचा. मागे एकदा बिनपरवान्याचा साग वाहताना सापडलाही होता. आज त्याचा फोन बंद लागत होता. एवढं जुळल्यावर गावाला आणखी काय हवं?

"कुनी कुटं जायाचं न्हाई," सविता म्हणाली. "मी चौकीला कळवते."

फोनला रेंज मिळायची ती देवळामागच्या टेकाडावर. ती बोलून खाली आली, तोवर मोटरसायकली गावाबाहेर पडल्या होत्या. पुढच्या गाडीवर कैलास होता.

दुपारी शिरगावहून निरोप आला. सोपान त्याच्याच दारात रक्तबंबाळ पडलेला सापडला होता. येणारे-जाणारे बराच वेळ बघून पुढे गेले. धुळवड होती, लोकांना तो रंग वाटला.

२

तळेगावच्या दवाखान्यात सोपानची बायको सारिका खाटेशी उभी होती. तिने सविताला बसायला सांगितलं नाही.

सोपानचा एक डोळा मिटला होता. बोलायला ओठ उघडत नव्हते, तरी तो बोलला.

"ताई, मी लाकूड आनलं, टाकलं, साखळी सोडली नि मोकळा गेलो. फोन लेकीनं रंगाच्या बादलीत पाडला."

"खाणीच्या काठावर का टाकलंस? अमृत मिस्त्री खालच्या पटांगणात टाका म्हनून गेलते."

अमृत मिस्त्री म्हणजे होडी बांधणारा. कोकणातला माणूस, शिमग्याला घरी गेलेला. पालखी नाचवल्याशिवाय तो परत येणार नव्हता.

"तितंच नेत व्हतो," सोपान म्हणाला. "वाटंत आबा आडवे आले. म्हनले, पटांगणात होळी रचलीय, पोरं आवरायची न्हाईत, लाकूड होळीत घालतील. वर कातळावर टाक. वडीलधारं मानूस, ऐकलं."

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आडदऱ्याच्या पोरांनी मागच्या वर्षी कुणाचं तरी दार होळीत घातलं होतं.

"दगड कुनी लावले?"

"म्याच. उताराच्या अंगाला दोन. पक्के बसवलेले." तो थांबला, दम घेतला. "ताई, ते लाकूड ट्रॉलीत मावत न्हवतं. बुडाला साखळी बांधून वढत आनलं. खाली येताना उतार व्हता म्हून आलं. चढाला वढायला माझं इंजान न्हाई पुरायचं. ह्ये तेंनी इचारलं असतं तरी सांगितलं असतं. पन इचारलं न्हाई कुनी."

डॉक्टरांनी सविताला बाहेर बोलावलं. पोटात मार लागला होता. आतून रक्त जात होतं. "आम्ही बघतोय," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून तिला उरलेलं कळलं.

ती निघाली तेव्हा सारिका दारापर्यंत आली.

"पयला हात कुनी टाकला, ते इचारत न्हाई का, पाटीलबाई?"

सविता थांबली.

"कैलासनं. तुमच्या बहिनीच्या नवऱ्यानं. ह्ये त्याला सांगत व्हते, आरं कैलास, तुजी बायकू गेली तवा तिचं सामान म्याच आनलं व्हतं माज्या ट्रॉलीत. त्यानं आईकलं न्हाई."

३

दुसऱ्या दिवशी सविता एकटीच विठाबाईच्या बांधापाशी गेली आणि तिथून ओंडक्याची वाट धरून खाली चालू लागली.

चैत्राच्या तोंडावर माळावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. त्यावर काही ओढलं की ते त्याच दिशेला लोळतं आणि तसंच पडून राहतं. ओंडक्याचं शेपूट जमिनीवरून घासत आलं होतं, त्याचा रुंद चर पडला होता. गवत सगळं तळ्याकडे लोळलेलं. वर, डोंगराकडे लोळलेली एक काडी दिसेना.

मग तिने चाकं पाहिली. ट्रॅक्टर खाली जाताना पडलेल्या खुणा ओंडक्याने पुसून टाकल्या होत्या, कारण तो मागून येत होता. वर जाणाऱ्या खुणा मात्र चराच्या अंगावर स्वच्छ उठल्या होत्या, टायरची नक्षी मोजून घ्यावी इतक्या. म्हणजे ओंडका खाली आला. त्यानंतर ट्रॅक्टर मोकळा वर गेला. आणि त्यानंतर ह्या वाटेने काहीच वर गेलं नाही.

सोपान खरं बोलत होता.

तिने कैलासला बोलावून ते दाखवलं. तो चराकडे बघेना. बोटांच्या सालपटलेल्या पेरांवर त्याने फडकं गुंडाळलं होतं.

"मग काय उडून गेलं का लाकूड, ताई?"

"उडून न्हाई गेलं. पन सोपाननं न्हाई नेलं."

"त्याची बाजू घेताय तुमी. चैतूची घ्यायला पायजे व्हती."

तो गेला. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण आला तो निव्वळ थकवा.

काठाला लागूनच रुचिरचे तंबू होते. रुचिर लोणावळ्याचा. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं आणून त्यांना मोटरबोटीत फिरवायचा. पावसाळा आला की बोटी गुंडाळून घरी जायचा, म्हणून गावाच्या अडीअडचणीला त्या कधीच कामी आल्या नव्हत्या. हा ओंडका त्याने कैलासकडे मागितला होता, पाहुण्यांच्या जेवणाचं लांब टेबल करायला.

"तुमचा माझ्यावर संशय आहे, ते मला दिसतंय," तो म्हणाला. "मागितला होता, नाही म्हणालात, विषय संपला. चोरायचा तर ठेवू कुठे? इथे? तंबूत?"

"तळ्यात शोधलंत का?"

"त्याच दिवशी. तुमच्या आबांनीच सांगितलं, एक चक्कर मारा म्हणून. सगळा काठ फिरलो, अगदी भिंतीपर्यंत. काटकीसुद्धा तरंगताना दिसली नाही." त्याने चहाचा कप पुढे केला. "आणि पाटीलबाई, राग मानू नका. होडी होऊ नये असं वाटणारा मी एकटा नाही. आबा इथे बसून मला म्हणाले होते, होडी झाली की साहेबलोक हात झटकतील, पुलाचं नाव काढणार नाहीत."

सविताने कप तसाच खाली ठेवला.

"त्यांची सून ह्याच काठावर मेली. झाडाच्या बुंध्याला नारळ त्यांनी फोडला. तुमच्या जिभेला काही हाड आहे का?"

ती तरातरा निघून आली. पण रागाने माणूस चालतो तेव्हा नजर पायांकडे असते, आणि खाणीच्या कातळावर तिला एक गोष्ट दिसली. सोपानने लावलेल्या दोन दगडांपैकी एकच जागेवर होता. त्याच्या अंगावर पांढरा ताजा ओरखडा होता, लोखंडाचा. दुसरा दगड कुठेच नव्हता.

४

विठाबाईकडे जायला तिचा पाय उचलत नव्हता. झाड विठाबाईच्या नवऱ्याच्या बापाने राखलेलं. ते पडलं त्या दिवशी म्हातारी धाय मोकलून रडली होती. गावात कुजबुज होतीच की म्हातारीच्या मनातून ते द्यायचं नव्हतं.

विठाबाई चुलीपुढे बसली होती. झाड तोडताना उडालेल्या ढलप्या तिने पोत्यात भरून आणल्या होत्या आणि त्या पेटत नव्हत्या. घरभर धूर कोंडला होता.

"मावशी, लाकडाचं इचारायला आले."

"म्या चोरलं का, ह्ये?" म्हातारीने फुंकणी बाजूला ठेवली. "रडले म्हून म्हनती व्हय लोकं? आगं, झाड पडल्यावर रडू नये तर काय हसावं? चैतीसाठी दिलं म्या. माज्या हातची भाकर खायची ती. दिल्यालं परत घेनारी जात न्हाई माजी."

सविताने मान खाली घातली. मग काहीतरी करावं म्हणून तिने पोत्यातल्या ओल्या ढलप्या ओंजळीत घेतल्या.

"ह्या उन्हात टाकते, मावशी. धूर लय व्हतोय."

दाराबाहेर गुरांच्या पाण्याची दगडी डोण होती. तिच्या कडेवरून जाताना ओंजळीतली एक ढलपी निसटली आणि पाण्यात पडली. ती उचलायला सविताने हात घातला, पण पाण्याच्या वर काही नव्हतं.

ढलपी तळाशी जाऊन बसली होती.

तिने दुसरी टाकली. ती बुडाली. मग चांगली तळहाताएवढी, जाडजूड निवडून टाकली. ती जरा डुलली, आणि दगडासारखी सरळ खाली गेली.

सविता डोणीच्या कडेवर बसली. धुळवडीच्या सकाळी अख्खं गाव त्या कातळावर जमलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं. सगळे डोंगराकडे, रस्त्याकडे, शिरगावकडे बघत होते. आणि ओंडका त्यांच्या पायांखाली होता. धरण बांधताना त्या खाणीतून दगड काढले होते. काठापासूनच तिथे पाणी खोल होतं, ते कडक उन्हाळ्यातही उघडं पडत नसे.

त्याला ट्रॅक्टर लागला नव्हता, टोळी लागली नव्हती. उतारावरचा एक दगड पहारेने सरकवला की झालं. एकटा माणूस पुरे होता. म्हातारा असला तरी.

शेवटचा शब्द मनात आला आणि ती दचकून उठली.

५

अमृत मिस्त्री कोकणातून परत येऊन लोणावळ्यात उतरला होता. सविताला तो शरच्चंद्र गांध्यांच्या वखारीत भेटला. सागाच्या फळ्या तो एकेक करून डोळ्याशी धरून बघत होता. घडलेलं त्याला फोनवर कळलं होतं.

"मिस्त्री, हिरवं ऐन पान्यात टाकलं तर?"

"तळाला जाणार. दुसरं काय?" अमृतने फळी खाली ठेवली. "वर्षं-दीड वर्ष वाळलं तर गोष्ट वेगळी. पण परवाच तोडलेलं? बुडालं म्हणून समजा." मग त्याचा चेहरा बदलला. "पाण्यात आहे?"

"तसं दिसतंय."

"मग पाण्यात शोधलं का नाही कुणी? आणि त्या माणसाला मारलं कशाला?"

"लाकूड तरंगतं म्हनले."

"कोण म्हणालं?"

सविताने वखारवाल्या शरच्चंद्रकाकांकडे पाहिलं. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, जाड चष्मा, अजून रोज वखारीत येऊन बसणारे.

"काका, ऐन बुडतं हे कुणाकुणाला ठाऊक असतं? आमच्या गावात तर कुणालाच न्हवतं."

"आता कुणाला असणार? हल्ली लाकूड ट्रकमधून येतं, पाण्यातून कोण आणतो?" काकांनी चष्मा पुसला. "ज्याने कधी ओला ओंडका पाण्यात लोटलाय, त्यालाच ते कळतं. तुमचं धरण झालं ना, तेव्हा बुडीत जाणारं रान तोडायचा ठेका आमच्या वडिलांनी घेतला होता. पाणी चढत होतं, रस्ते बुडाले. मग ओंडके पाण्यातून ओढून आणायचे ठरलं. सगळं ऐन डोळ्यांदेखत तळाला गेलं. तोडीवर तुमच्याच बाजूची तरणी पोरं होती. ती हसायची म्हणे, शेटचं लाकूड दगडाचं आहे."

शेटचं लाकूड दगडाचं.

हे वाक्य सविताने ऐकलं होतं. एकदा नाही, अनेकदा. आबांच्या तोंडून. लग्नाच्या पंगतीत, अंगणात, रात्री शेकोटीला. धरणाच्या तोडीवर असतानाची गंमत म्हणून ते सांगायचे, आणि ऐकणारे शेटच्या फजितीला हसायचे. ऐनाचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिच्याही नाही.

अमृत शिमग्याला जाणार हे आबांना ठाऊक होतं. तो असता तर पहिल्या घटकेलाच म्हणाला असता, पाण्यात बघा. ओंडका पटांगणाऐवजी उताराच्या कातळावर आबांनी टाकायला लावला. आणि सकाळी, कुणाच्या मनात पाणी यायच्या आत, तिने विचारताक्षणी आबा म्हणाले होते, लाकूड हाय ते, सविते.

तिच्या हातातला फोन वाजला. सारिकाचा होता.

"गेले," ती म्हणाली. "आता तुमचं लाकूड गावलं तरी सांगू नका मला."

६

रुचिरने कुरकुर न करता बोट काढली. त्याचा पोहणारा माणूस गळ टाकून खाणीच्या तोंडाशी फिरला, मग कमरेला दोर बांधून खाली गेला. वर आला तेव्हा त्याने नुसती होकाराची मान हलवली. साखळी बांधली. काठावर आणलेल्या जेसीबीने ती ओढायला घेतली.

फौजदार आले होते, गाव जमलं होतं. पाणी गढुळलं, आणि त्यातून काळपट बुंधा वर आला. त्याच्यावर हातोड्याचा शिक्का तसाच होता.

कुणी आनंदाने ओरडलं नाही. सोपान गेल्याची बातमी सकाळीच पोचली होती.

"म्हंजे त्यानं पान्यात लोटलं," कैलास म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच खरा वाटत नव्हता. "सोपाननं लोटलं."

"सोपाननं दगड लावले," सविता म्हणाली. "लोटायचं असतं तर लावले कशाला असते? मोकळं सोडलं असतं. ज्यानं लोटलं त्याला ठाऊक व्हतं की हिरवं ऐन बुडतं. ते अमृत मिस्त्रीला ठाऊक व्हतं, पन ते कोकणात व्हते. दुसरं ज्याला ठाऊक व्हतं, त्यानंच लाकूड हितं टाकायला लावलं. नि त्यानंच आपल्याला सांगितलं, ते तरंगतं म्हनून." तिने आबांकडे पाहिलं. "शेटचं लाकूड दगडाचं, आबा. तुमीच सांगत आलात."

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ते नाकबूल करतील असं तिला वाटलं होतं. मनातून तिला तेच हवं होतं.

"व्हय," ते म्हणाले. "म्याच सरकवलं. पहाटंचं."

"आबा!" कैलास ओरडला.

"आईक. मोठा साहेब माज्या तोंडावर बोलला. म्हनला, गाव होडी करतंय ना, मग दळनवळनाची सोय झाली. पूल आता मागं पडंल. आरं, जलमभर मागितला म्या त्यो पूल. माजा बा मागत गेला. जमीन आमची बुडाली, पानी दुसऱ्याला गेलं, नि आमाला काय तर होडी? आपल्याच लाकडाची, आपल्याच हातची? चैती मेली तवा पेपरात आलं. पयल्यांदा साहेब सोताहून गावात आला. वाटलं, पोरीच्या मरनानं तरी पूल व्हईल. ते मरान होडीवर घालवायचं?"

"ती माझी बहीन व्हती, आबा," सविता म्हणाली. "तिला पूल नको व्हता. तिला फकस्त पलीकडं जायाचं व्हतं."

आबा हळू आवाजात म्हणाले, "सोपानचं नाव म्या घेतलं न्हाई."

"न्हाई घेतलं. चाक दावलंत."

"मारतील असं वाटलं न्हवतं. वाटलं, चार शिव्या देतील नि येतील. मागनं कळलं तवा पोरगा अडकला व्हता. तोंड उघडून काय करू? पोराला फासावर दिऊ?"

"सोपान चार दिवस जिता व्हता, आबा. तेवढ्यात कुनीतरी जाऊन त्याला सांगायचं, तू चोर न्हाईस. त्यो चोर म्हनूनच मेला."

कैलास खाली बसला होता. हाताचं फडकं सुटलं होतं. खपल्या धरलेल्या त्या पेरांकडे तो असा बघत होता, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. एकदा त्याने बापाकडे पाहिलं आणि सविताला वाटलं, आता हा उठून म्हाताऱ्यावर धावणार. तो उठला नाही. त्याच्या अंगातलं सगळं बळ शिरगावला खर्च झालं होतं.

फौजदार पुढे झाले. "पाटीलबाई, शिरगावला कोण कोण गेलं होतं? गावात कुणी बोलायला तयार नाही."

तिने गर्दीकडे पाहिलं. बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. कुणाचा नवरा, कुणाचा पोरगा. सगळ्यांचे डोळे तिला एकच सांगत होते.

"लिहून घ्या," सविता म्हणाली. "पयलं नाव, कैलास हौशीराम."

७

कैलास आणि त्याच्याबरोबरचे येरवड्याला गेले. आबांच्या वाट्याला कायद्याने फारसं काही आलं नाही. गावाचं लाकूड पाण्यात ढकलणं ह्याला जे कलम होतं ते जामिनाचं होतं. चाक दाखवण्याला कलम नव्हतं.

पूल आला नाही. एक साहेब आला, पण तो खुनाच्या तपासाचा होता.

सविता शिरगावला गेली. सारिकाने दार उघडलं, तांब्याभर पाणी दिलं, ती पिईपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "आता जावा." सविता गेली. पुन्हा तिथे जाण्याचं निमित्त तिने शोधलं नाही.

आडदऱ्यात तिच्याशी बोलणं बायांनी सोडलं. तिचा नवरा बोलायचा, पण जेवताना मान वर करायचा नाही. पोलीस पाटीलकीचा राजीनामा दे म्हणून गावाने निरोप पाठवला. तिने दिला नाही.

अमृत मिस्त्रीने जाण्याआधी फौजदारांपुढे हात जोडले होते. "साहेब, लाकूड चांगलं आहे अजून. पाण्यात असू द्या, नाहीतर सावलीत तरी. उन्हात पडलं तर तडकेल. खटला संपला की मी येतो, होडी करून देतो, मजुरी नको मला." फौजदार माणूस बरा होता, पण मुद्देमाल तो मुद्देमाल. पंचनामा झाला, ओंडक्याला लाखेचं सील लागलं आणि त्याला पलीकडे पवनानगरला नेऊन चौकीसमोरच्या मोकळ्या जागेत ठेवलं. पलीकडे जायला त्यालाही डोंगराचा वळसाच घ्यावा लागला.

वैशाखात त्याला पहिली चीर गेली. ज्येष्ठात ती इतकी रुंदावली की आत बोट जाई. होडी होण्याची त्याची लायकी त्या उन्हाळ्यातच संपली. खटल्याची पहिली तारीख त्यानंतर पडली.

चौकीसमोरूनच वळशाच्या जीपा सुटतात. जीप भरेपर्यंत वाट बघावी लागते आणि तिथे बसायला दुसरं काही नाही. त्यामुळे आडदऱ्याची माणसं त्या ओंडक्यावरच बसतात. बाजाराच्या पिशव्या त्याच्यावर ठेवतात, पोरं त्याच्यावरून उड्या मारतात.

श्रावणात एकदा सविता भिजत भिजत तिथे आली, तर ओंडक्यावर आबा एकटेच बसले होते. येरवड्याला कैलासला भेटायला गेले होते. मुलगा दरवेळी भेट नाकारतो, हे तिला आधीच कळलं होतं. आबा फार वाळले होते. तिला पाहून ते जरा सरकले, हाताने ओलं लाकूड पुसून त्यांनी जागा केली.

"बस, पोरी," ते म्हणाले. "जीपला येळ हाय."

सविता पावसातच उभी राहिली. जीप आली तेव्हा ती पुढच्या बाकावर बसली, आबा मागे चढले, आणि गाडी डोंगराच्या वाटेला लागली.